पहिल्या अंकातली कुर्ली

कुर्ली होती. नखाएवढी खेकडी, मुखपृष्ठाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात, चित्रकाराच्या सहीच्या पायाशी, एक नांगी वर उचललेली. दर्शनने चष्मा काढून पुसला आणि परत डोळ्यांवर चढवला. कुर्ली तिथेच होती. बाहेर मारुती मंदिरच्या सर्कलला दुपारची नेहमीची वर्दळ चालू होती, शहर बस वळत होती, शहाळेवाला कोयता चालवत होता, आणि इथे दुकानात, काचेच्या कपाटांतल्या चष्म्यांच्या रिकाम्या फ्रेमांच्या पहाऱ्यात बसलेला चोपन्न वर्षांचा माणूस परत परत तोच कोपरा उजेडात धरत होता. ही कुर्ली इथे असायला नको होती. ती नाही, असं त्यानेच सगळ्यांना सांगितलं होतं.

‘तुफान तांडेल’ ही चित्रकथांची मालिका त्याच्या लहानपणी मुंबईहून निघायची. गलबताचा तांडेल, त्याचे खलाशी, वादळं, चाचे, बुडालेले खजिने. चित्रकार कोण होता हे फारसं कुणाला ठाऊक नाही, पण त्याला एक खोड होती. प्रत्येक मुखपृष्ठावर तो कुठेतरी एक कुर्ली लपवायचा. कधी दोरखंडाच्या वेटोळ्यात, कधी चाच्याच्या बुटावर. पोरं आधी कुर्ली शोधायची, मग गोष्ट वाचायची. ते अंक आता दुर्मीळ झाले, ते जमवणारी पोरं पन्नाशीची झाली, त्यांचे फोनवर गट निघाले, आणि त्या गटांमध्ये रत्नागिरीच्या दर्शन भाटकरचा शब्द शेवटचा ठरला. कुणी कुठूनही अंक मिळवला की तो दर्शनकडे यायचा. दर्शन त्याचा कणा बघायचा, पिना बघायचा, कागद उजेडात धरायचा आणि सांगायचा, अंक कुठल्या दर्जाचा, आणि मुख्य म्हणजे कापलेला आहे की नाही. कारण जुन्या अंकाच्या कडा झुरळं खातात, कडांना उदी रंग चढतो, आणि मग कुणीतरी हुशार माणूस छापखान्यातल्या यंत्राखाली तो अंक धरून चार केसांएवढी कड उडवतो. अंक नवा दिसतो. पण जाणकाराच्या लेखी तो संपला. असा कापलेला अंक दर्शन बोटांनी ओळखायचा. कड जास्तच धारदार लागते. चित्राचा तोल किंचित ढळलेला असतो. कोपरे नको तितके टोकदार. त्याने अनेकांचा हिरमोड केला होता, आणि खरं सांगायचं तर तो करताना त्याला थोडं बरंही वाटायचं.

आणि पहिला अंक, ‘काळ्या खडकाचा पहारा’, तो तर साऱ्या ओळखीच्या जगात एकट्या दर्शनकडे होता. कोरा, झळझळीत, प्लॅस्टिकच्या पिशवीत. त्यावर त्याने एक लांबलचक लेखच गटावर टाकला होता. पहिल्या अंकात कुर्ली नाही, कारण चित्रकाराला ती युक्ती तेव्हा सुचलेली नव्हती. पहिला अंक बाकीच्यांपेक्षा किंचित बुटका आहे, कारण त्या वर्षी कागदाची टंचाई असणार. लोकांनी अंगठ्यांची, टाळ्यांची चित्रं टाकली, आणि ‘बुटका पहिला अंक’ हे सत्य झालं. उद्या कुणी कुर्ली असलेला, उंच पहिला अंक घेऊन आला तर तो नकली समजावा, असंही त्याने शेवटी ठासून लिहिलं होतं.

तो अंक आज आला होता. गौरव नावाचा पोफळीच्या वीजकेंद्रातला एक तरुण इंजिनीअर सकाळी दुकानात येऊन देऊन गेला होता. कॉलनीतलं क्वार्टर बदलताना त्याच्या आईच्या ट्रंकेत, साड्यांच्या खाली, वर्तमानपत्रात गुंडाळलेला मिळाला. “भाटकरकाका, अवस्था बघून हसू नका,” तो म्हणाला होता. अंकाच्या कडा कुरतडलेल्या, पहिल्या पानावर शाईचा डाग, आणि आत तांडेलाची दाढी कुणीतरी खडूने गुलाबी रंगवलेली. “ही आईची कलाकुसर. ती म्हणते लहानपणी तिच्या मामाने दिलेला. मी तिला तुमचा लेख वाचून दाखवला तर रुसून बसली. म्हणाली, माझ्या मामाने मला खोटं पुस्तक दिलं होय? तुम्ही नीट बघून सांगा. खोटा असेल तर तसं सांगा, मी काहीतरी सारवासारव करीन.”

नीट बघायला दर्शनला फार वेळ लागला नाही, आणि तेच वाईट होतं. पिनांचा गंज कागदात झिरपून पिकलेल्या करवंदाच्या रंगाचा झाला होता. असा गंज कुणाला बनवता येत नाही. पानांचा उदी रंग तिन्ही मोकळ्या कडांकडून सारखा आत गेला होता, भरतीचं पाणी पुळणीवर चढावं तसा, वर, खाली, बाजूला, एका लयीत. अंक खरा होता. इतका खरा की हातात धरल्यावर त्याला आपलेच कान गरम झालेले जाणवले. मग त्याने आतल्या कपाटातून स्वतःचा अंक काढला, प्लॅस्टिकमधून बाहेर घेतला आणि गौरवच्या अंकावर ठेवला. वरची कड वरच्या कडेला मिळाली. बाजू बाजूला मिळाली. खाली गौरवचा अंक त्याच्या अंकाच्या बाहेर उरला, तांदळाच्या दाण्याच्या लांबीएवढा, आणि त्या उरलेल्या पट्टीत कुर्ली नांगी वर करून उभी होती. दर्शनने आपला अंक उलटा करून खालची कड बघितली. वरच्या आणि बाजूच्या कडेला उदी रंग किंचित आत गेलेला, ही फिकट. धारदार. कोपरे नको तितके टोकदार. दुसऱ्या कुणाचा अंक असता तर त्याने पिशवीतून बाहेर न काढताच सांगितलं असतं.

तो बघत राहिला. त्याला आश्चर्य अंकाचं वाटत नव्हतं. ही कड त्याने आधी पाहिली नव्हती असं थोडंच होतं? कितीदा पाहिली होती. बोटही फिरवलं होतं. बोटाने सांगितलंही असणार. पण बोटाचं ऐकायच्या आधी मन कागदाची टंचाई घेऊन हजर व्हायचं. परक्या अंकाकडे तो पोलिसासारखा बघायचा आणि या अंकाकडे सासुरवाडीला आलेल्या जावयाकडे बघावं तसा. कारण हा अंक लवूने दिला होता. लवूचं नाव मनात आलं आणि मघापासूनच्या त्या अस्वस्थपणाला टोक फुटलं.

लवू म्हणजे दाभोळ. दर्शनचे वडील दाभोळच्या बंदरात कारकून होते आणि लवूच्या बापाची मासेमारीची होडी होती. दोघं शाळेत एका बाकावर बसायचे. धक्क्याजवळच्या सलूनमध्ये ‘तुफान तांडेल’चा पहिला अंक होता, मुखपृष्ठ फाटून गेलेला, केस कापायची पाळी येईपर्यंत वाचायला. त्या अंकासाठी दोघांनी नको तितक्या वेळा डोकी भादरून घेतली. लवूची आई म्हणायची, पोराच्या डोक्यावर माशी बसली तर घसरंल. पुढे दर्शन रत्नागिरीला शिकायला आला तो इथलाच झाला, आणि लवू मोठ्या बोटीवर खलाशी म्हणून गेला. वर्षातून एकदा उगवायचा, करपलेला, दात पांढरे, खिशात कुठल्या कुठल्या बंदरांची चॉकलेटं. दर्शनने हे दुकान काढलं तेव्हा तो नेमका मुंबईत बोटीवरून उतरला होता. उद्घाटनाला आला. हार, नारळ, पेढे यांच्या गर्दीत त्याने दर्शनला बाजूला ओढलं आणि सदऱ्याच्या आतून एक पाकीट काढलं. “उघड,” म्हणाला. दर्शनने उघडलं. मुखपृष्ठासकट, कोरा, काळा खडक आणि त्यावर आदळणारी लाट. त्या दिवशी त्याला दुकानापेक्षा तो अंक मोठा वाटला होता. रडू येऊ नये म्हणून तो उगाच पाहुण्यांना पेढे वाटत सुटला होता.

आणि आता ही कड. लवूला माहीत होतं का? कुण्या रद्दीवाल्याने लवूला फसवलं असेल, तर लवूला सांगून त्याच्या जिवाला लावून घ्यायला लावायचं का? आणि लवूला माहीत असेल तर? तर मग इतकी वर्षं, प्रत्येक भेटीत, ‘काय, आपला तांडेल बरा हाय ना?’ असं विचारून तो जो हसायचा, ते हसणं कसलं होतं? एक बारीकशी शंका जुन्या दिवसांमध्ये शिरली की ती कसर लागल्यासारखी एकेक पान पोखरत मागे जाते. धक्का, सलून, होडीच्या सावलीत बसून खाल्लेल्या कैऱ्या, सगळीकडे त्याला ती शिरताना दिसत होती. गिऱ्हाईक आलं. एका बाईंना जवळचं दिसत नव्हतं. त्याने भिंग बदलून बदलून त्यांना अक्षरं वाचायला लावली. “आता स्पष्ट?” तो विचारत होता. “आता? की आधी बरं होतं?”

घरी त्याने नम्रताला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. शाळेतून मुलांना शिकवून आलेली, त्यामुळे एखादा माणूस कुठे अडला आहे ते तिला पहिल्या दोन वाक्यांत कळायचं.

“म्हणजे तुमचा अंक कापलेला आहे.”

“हो.”

“आणि त्या मुलाच्या आईचा पूर्ण.”

“हो.”

“मग त्यांना सांगा. त्यात काय अवघड आहे?”

“गटावर काय सांगू? मीच लिहिलंय ते सगळं. कागदाची टंचाई वगैरे.”

नम्रताने ओठ दाबले. हसू दाबायचं असलं की ती असे ओठ दाबते हे त्याला लग्नाच्या इतक्या वर्षांनी पाठ झालं होतं. “अहो, तुम्हाला गटाचं काही वाटत नाहीये,” ती म्हणाली. “तुम्हाला लवूभावजींचं वाटतंय. उद्या रविवार. दाभोळला जाऊ. मलाही चिमाला भेटून किती दिवस झाले.”

“आणि जाऊन काय विचारू? तू मला फसवलंस का?”

“ते तिथे गेल्यावर बघू. मुलांनाही मी असंच सांगते. आधी वर्गात या, मग रडा.”

सकाळी स्कूटरवर निघाले. नोव्हेंबरची कोवळी थंडी होती. पाठीवरच्या पिशवीत त्याचा अंक होता आणि दर्शन वाक्यं जुळवत होता. ‘लवू, एक विचारायचं होतं.’ नको, हे फार पोलिसी. ‘लवू, गंमत बघ.’ हे खोटं. गणपतीपुळ्याच्या बाजूने समुद्र मधूनच उघडा पडायचा, निळा, आणि परत काजूच्या आड जायचा. कातळावरचं गवत सोनेरी झालं होतं. मागून नम्रता त्याला काहीबाही दाखवत होती, तो बघा खंड्या, त्या घराला किती छान रंग दिलाय, आणि तो हो हो म्हणत होता. जयगडच्या फेरीबोटीत स्कूटर चढवली, तेव्हा तिने पिशवीतून लाडू काढून त्याच्या हातात ठेवला. तो खाताना त्याच्या लक्षात आलं की आपल्याला भूक लागली होती, आणि आपण काल रात्री नीट जेवलोच नव्हतो. एका कागदासाठी. तांदळाच्या दाण्याएवढ्या कागदासाठी. पण ते तेवढंच आहे का, हे त्याला ठरवता येईना. पुढे गुहागर, अंजनवेल आणि धोपाव्याला परत फेरीबोट. पलीकडे दाभोळ दिसायला लागलं तसा तो बोटीच्या कठड्याशी जाऊन उभा राहिला. खाडीच्या पाण्याला तोच वास होता, चिखल, डिझेल आणि सुकत घातलेल्या मासळीचा एकत्र. या वासात शंका धरून ठेवणं कठीण जात होतं. ती धरून ठेवण्यासाठी त्याला जोर लावावा लागत होता, आणि आपण जोर लावतो आहोत हे त्याला दिसत होतं.

लवू आता बोटीवर जात नव्हता. धक्क्यापासून जवळच घर, पुढे अंगणाचं खळं, खळ्यात जाळं पसरलेलं, आणि जाळ्याच्या मधोमध लवू, बनियनवर, तुटलेले धागे जोडत. केस पिकून पांढरे झालेले. स्कूटरचा आवाज ऐकून त्याने मान वर केली.

“अरे! न कळवता? चिमा, बग कोन आलंय! वैनी पन हायत!”

लवूची बायको चिमा पदराला हात पुसत बाहेर आली. पाणी, गूळ, खुशाली, पोरांचे नोकरीधंदे, कोण आजारी, कोण बरं झालं, हे सगळं झाल्याशिवाय दाभोळमध्ये कुठलंच बोलणं सुरू होत नाही. दर्शन उत्तरं देत होता आणि पिशवी मांडीवर धरून बसला होता. शेवटी चिमा आणि नम्रता आत गेल्या. लवूने धागा दातांनी तोडला.

“काय हाय पिशवीत? मघापासून पोर धरल्यासारखी धरलीयस.”

जुळवलेली सगळी वाक्यं गेली. दर्शनने अंक काढला, जाळ्यावर ठेवला आणि खालच्या कडेवर बोट ठेवलं.

लवूने कडेकडे बघितलं. मग दर्शनच्या तोंडाकडे. मग परत कडेकडे. आणि त्याच्या चेहऱ्यावर जे उमटायला लागलं ते दर्शनने मनाशी रंगवलेल्या कुठल्याच प्रसंगात नव्हतं. तो खूश झाला होता. गालांपासून सुरू होऊन कानांपर्यंत, पहाट होते तसा हळूहळू सगळा चेहरा खूश झाला.

“कळलं?” त्याने हळूच विचारलं.

“तुला माहीत होतं?”

“म्हाईत? अरे, मीच कापून घेतला!” आणि तो ओरडला, “चिमा! ए चिमा! कळलं गो याला! एकदाचं कळलं!”

“अगोबाई!” आतून चिमाचा आवाज आला, आणि भांडं पडल्याचा.

“का कापलास?” दर्शन म्हणाला. आपला आवाज सातवीतल्या पोरासारखा लागतोय हे त्याला कळत होतं.

“का म्हंजे? मुंबईला त्या रद्दीवाल्याकडे गावला तेव्हा खालनं झुरळांनी खाल्लेला व्हता. झालर लावल्यागत. तुझ्या दुकानाचं उद्घाटन. नारळ फुटतोय, हार लागतायत, आनि मी काय तुला कुरतडलेली वस्तू देनार? आयशीनं मला घरात घेतलं असतं काय? शकुनाची वस्तू कशी अखंड पायजे. म्हनून एका छापखान्यात गेलो, त्या मानसाच्या हातापाया पडलो, म्हटलं, बाबा, सरळ कर एवढा.”

“अखंड पाहिजे म्हणून कापलास?”

“व्हय,” लवू म्हणाला. त्याला त्यात काही चुकीचं दिसत नव्हतं. “तेव्हा कुठं तू असलं दर्जाबिर्जाचं करायचास? मला काय ठावं त्याला असं बगतात. म्हटलं सांगू तुला निवांत. तर दुसऱ्या दिशी तुझा फोन. लवू, असा कोरा अंक जगात दुसरा नसंल. रडत व्हतास फोनवर.”

“मी रडत नव्हतो.”

“रडत व्हतास. मग मी काय बोलनार? म्हटलं ऱ्हाऊ दे, आज ना उद्या कळंल. मग तू त्यातला मोठा मानूस झालास. लोक लांबलांबनं तुला इचारायला लागले, कापलाय का नाय कापलाय. मी म्हटलं आता तर कळनारच. दर भेटीला इचारायचो तुला, तांडेल बरा हाय ना? तू म्हनायचास, एकदम अखंड!” लवूच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. “आनि मग तू ते लिवलंस.”

“काय?”

“कागदाची टंचाई!” हे चिमा म्हणाली. ती दारात उभी होती, मागे नम्रता. “भावजी, पोराने फोनवर वाचून दाखवलंन् तर हे जेवत व्हते. घास नाकात गेला. दोन दिवस मधीच आठवलं की हसायचे. मी म्हटलं, सांगून टाका त्यांना. तर म्हनतात, नको, त्याचा एवढा अभ्यास हाय.”

नम्रताने आता ओठ दाबायचा प्रयत्नही सोडून दिला होता. दर्शनला आधी कान तापल्यासारखे झाले. गटावरचे ते अंगठे, त्या टाळ्या, आपलं ते ठासून लिहिलेलं शेवटचं वाक्य, एकेक डोळ्यांसमोरून गेलं आणि प्रत्येकाच्या मागे जेवता जेवता ठसका लागलेला लवू दिसायला लागला. त्याला वाटलं आपण रागावलो आहोत. तो राग कुठे आहे ते तो आत शोधायला गेला. काल दुपारपासून तो तिथेच होता, आणि आता तिथे हात घातला तर काहीतरी दुसरंच हलत होतं, गुदगुल्या झाल्यासारखं, वर येत होतं. कागदाची टंचाई. अरे देवा. त्याने एकदा तर त्यासाठी ग्रंथालयात जाऊन जुनी वर्तमानपत्रं चाळली होती. हे त्याने लवूला सांगितलं. सांगायला नको होतं. लवू जाळ्यावर आडवा झाला. मग दर्शनलाही बसवेना. दोघं खांदे धरून असे हसत होते की शेजारच्या घरातली म्हातारी कुंपणाशी येऊन काय झालं विचारायला लागली, आणि चिमाने तिला सांगायचा प्रयत्न केला, पण कापलेलं पुस्तक आणि कागदाची टंचाई यातलं तिला एवढंच कळलं की कुणाला काही लागलेलं नाही, म्हणून ती परत गेली.

हसू ओसरलं. दर्शन श्वास घेत बसला होता. शहरात तो कडा बघायचा, दिवसभर, अंकांच्याच काय, माणसांच्याही. कोण कुठे कमी पडतं, कुणाचं बोलणं कुठे छाटलेलं आहे, कोण आतून उदी झालाय. ती त्याची सवय झाली होती आणि त्या सवयीला तो पारख म्हणायचा. आणि ज्या एका माणसाकडे त्याने पारखायच्या नजरेने कधी बघितलं नाही तो इथे बनियनवर बसला होता. त्या न बघण्यातच त्याची ही सगळी वर्षं सुखाची गेली होती. याची लाज वाटायला हवी का? त्याने वाटते का ते पाहिलं. वाटत नव्हती. उलट अंग हलकं झालं होतं, ताप उतरल्यावर होतं तसं.

त्याने तिथूनच गौरवला फोन लावला. “अंक खरा आहे,” तो म्हणाला. “पूर्ण आहे. कुर्लीसकट. माझा लेख चुकीचा होता, आज गटावर तसं लिहितो. आईंना सांगा.”

“तुम्हीच सांगा,” गौरव म्हणाला, आणि फोन सरकल्याची खसखस झाली.

“कोन बोलतंय?” एक ठणठणीत बाई. “तुमीच का ते खोटं म्हननारे?”

“हो ताई. चुकलो. तुमचा खरा आहे. माझाच कापलेला निघाला.”

“कापलेला? कुनी कापला हो?”

“मित्राने. दुकानाच्या उद्घाटनाला.”

“कायतरी असंल त्याच्या मनात,” त्या म्हणाल्या. “आमचे मामा असते तर आज जेवायला बोलावलं असतं तुमाला.”

जेवण इथेच झालं. भात, सुरमईचं कालवण, आणि चिमाने आग्रह करून वाढलेली सोलकढी. जेवणानंतर पडवीत चटईवर लवूने अंक उघडला. प्लॅस्टिकची पिशवी वाऱ्याने खळ्यात गेली आणि कुणी ती उचलायला उठलं नाही. दर्शनच्या मनात आलं की आपण हा अंक इतकी वर्षं सांभाळला, उजेडात धरला, वास घेतला, पण सलूनच्या खुर्चीनंतर तो वाचला म्हणून नाही. लवू मोठ्याने वाचत होता. तांडेलाचा आवाज त्याचा, खलाशांचा त्याचाच, आणि काळ्या कप्तानाचा आवाज त्याने दर्शनवर सोडला. दर्शन आधी कुजबुजत वाचू लागला. “हे काय,” नम्रता म्हणाली, “चाचा आहे की कारकून?” मग त्याने आवाज चढवला. मध्येच एका चौकटीत तांडेल वादळाच्या तोंडावर उभा राहून भात खातो, खलाशी ओरडतात आणि तो म्हणतो, आधी पोट, मग दर्या. त्यावर चिमा इतकी हसली की तिला ती चौकट परत दाखवावी लागली. चित्रं सुंदर होती. लाटा कशा काढल्या होत्या त्या माणसाने, एकेक रेघ मनगटातून सोडलेली. कणा, पिना, कोपरे यांच्यामध्ये हे सगळं होतं आणि ते त्याने जपून ठेवलं होतं, ते न बघता.

ऊन कलायला लागलं तशी निघायची वेळ झाली. लवू निम्म्यावरच होता. तो हळू वाचायचा, चित्रात थांबायचा, मागे जायचा. दर्शन उठला, आणि लवूने अंक मिटून पुढे केला.

“असू दे,” दर्शन म्हणाला. “संपव.”

“अरे, हितं खारी हवा. खराब होईल.”

“होऊ दे. वाचून झाला की घेऊन ये रत्नागिरीला. नाहीतर मी येतो.”

लवू त्यांना पोचवायला धक्क्यापर्यंत आला, अंक बनियनच्या आत खोचून. फेरीबोटीत दोन टेम्पो, काही मोटारसायकली आणि सहलीला आलेला कॉलेजच्या मुलामुलींचा घोळका होता. दर्शनने स्कूटर चढवली आणि दोघं कठड्याशी उभी राहिली. फळी वर उचलली गेली, इंजिन घरघरलं, धक्का आणि बोट यांच्यातलं पाणी रुंद व्हायला लागलं. पाण्यावर पिवळं ऊन पसरलं होतं. धक्क्याच्या टोकाला पांढऱ्या केसांचा लवू एकटा उभा होता. त्याने अंक काढला, एक पान उघडलं, दुसरा हात तोंडाशी धरला आणि छाती फुगवून ओरडला, “काळ्या कप्ताना! शीड उतरव! ही खाडी माझी हाय!”

कॉलेजची मुलं वळून बघायला लागली. दर्शनने इकडेतिकडे पाहिलं. मारुती मंदिरजवळ त्याचं चष्म्याचं दुकान होतं, गिऱ्हाइकं त्याला साहेब म्हणायची. “कोण आहे हो तो?” एका मुलीने विचारलं. त्याने दोन्ही हात तोंडाशी धरले.

“तांडेला!” तो ओरडला, आणि आवाज इतका मोठा निघाला की तो स्वतःच दचकला. “तुझं गलबत माझं! तुझे खलाशी माझे!”

“ये मग घ्यायला!”

“येतोच!”

नम्रताने पदराने तोंड झाकलं. मग पदर बाजूला केला, कठड्यावर वाकली आणि दर्शनच्याही वर आवाज काढून ओरडली, “आधी पोट, मग दर्या!” आणि त्या मुलामुलींना ते काय आहे हे काहीच माहीत नसताना त्यांनीही एका सुरात तेच उचललं, आधी पोट, मग दर्या, आधी पोट, मग दर्या, आणि धक्क्यावरचा माणूस लहान होत गेला तरी त्याचा वर केलेला हात दिसत होता.